‘गिरणी बंद पडली’ : ज्ञानकोशातल्या कंपन्या आणि तटस्थतेचा प्रश्न

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात रीतसर पैसे घेऊन छापावी अशी विनंती ‘केसरी’ला करण्यात आली आणि ‘केसरी’ने ती नाकारली, ही हकिकत आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या समाजाला दाम मोजूनही वर्तमानपत्रात चार ओळींची जागा मिळाली नाही, त्या समाजातल्या माणसाच्या मनात ‘जाहिरात’ या शब्दाभोवती एक जुनी जखम असते. इतरांना जाहिरात ही व्यापारातली एक रीत वाटते. आपल्याला ती आपल्या असण्याची दवंडी वाटते. म्हणूनच जाहिरात आणि ज्ञान यांतला फरक समजून घेणे आपल्याला अधिक अवघड जाते, आणि म्हणूनच तो समजून घेणे आपल्याला अधिक आवश्यक आहे. प्रस्तुत लेख त्या फरकाविषयी आहे. तो लिहिण्याचे कारण मात्र घरगुती आहे आणि ते आधी सांगितले पाहिजे.

माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेऊन इस्पितळांना लागणाऱ्या लोखंडी खाटा बनवण्याचा कारखाना काढला. त्याचा बाप आयुष्यभर बिगारी काम करीत होता. आज पोराकडे पंचवीस-तीस माणसे कामाला आहेत. मी निवृत्त शिक्षक. आंतरजालावरच्या एका ज्ञानकोशात मी अधूनमधून गावांची, लेखकांची, शाहिरांची माहिती घालीत असतो हे त्याला ठाऊक होते. तो एकदा म्हणाला, “मामा, तुम्ही एवढं लिहिता, आपल्या कंपनीवर पण एक लेख टाका की. लोकांनी नाव शोधलं की आधी तोच लेख दिसतो.” मला त्याचा अभिमान होताच. मी एका बैठकीत दीड पानाचा लेख लिहिला. ‘अल्पावधीत नावारूपाला आलेली अग्रगण्य कंपनी’, ‘दर्जा आणि विश्वास यांचे दुसरे नाव’, ‘सामाजिक बांधिलकी जपणारे द्रष्टे उद्योजक’ असे शब्द माझ्या लेखणीतून आपोआप उतरले. मी मुलांना चाळीस वर्षे निबंध लिहायला शिकवले. असे शब्द कोणी लिहिले असते तर मी लाल शाईने खोडले असते. परंतु त्या दिवशी मला ते दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लेख काढून टाकला गेला. कारण दिले होते : उघड जाहिरात. माझा संताप झाला. ज्यांच्या कंपन्यांवर दहा-दहा पाने उभी आहेत त्यांना कोणी हात लावीत नाही, आणि आमच्या पोराच्या दीड पानावर वरवंटा! मी चर्चेच्या पानावर लांबलचक पत्र लिहिले. त्यात ‘मूकनायक’ची हकिकत घातली, जातीयतेचा आरोप केला. समोरच्या संपादकाने दोनच प्रश्न विचारले. या कंपनीबद्दल तुमच्याशिवाय, आणि कंपनीशिवाय, आणखी कोणी कुठे सविस्तर लिहिले आहे काय? आणि तुमचे या कंपनीशी नाते काय?

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी लपवले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. संताप उतरला तरी त्यातला काही अंश उरला, आणि उरलेला अंश खोटा नव्हता असे मला आजही वाटते. कोणता भाग खोटा आणि कोणता खरा, याचा शोध घेताना मला ज्ञानकोशांच्या इतिहासाकडे जावे लागले.

कंपनी आणि ज्ञानकोश यांचा संबंध मराठीत नवा नाही. आपल्या भाषेतला पहिला मोठा ज्ञानकोश हीच मुळात एक कंपनी होती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९१६ मध्ये नागपुरात मर्यादित कंपनी स्थापून, भाग विकून, ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे काम आरंभले आणि पुढे पुण्याला नेऊन ते तडीस नेले. तेवीस खंडांचे ते काम सरकारच्या देणगीवर नव्हे, भागधारकांच्या आणि ग्राहकांच्या पैशावर उभे राहिले. योगायोग असा की, त्याच १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला आणि त्यात केतकरांच्या १९०९ मधील जातिविषयक ग्रंथाची दखल घेतली. केतकर स्वतः जातिव्यवस्थेच्या आत जन्मलेले आहेत हे बाबासाहेबांनी नजरेआड केले नाही. परंतु आतला माणूस म्हणून त्यांचे म्हणणे फेटाळलेही नाही. त्यांची व्याख्या घेतली, तपासली, जिथे ती अपुरी वाटली तिथे तसे सांगितले. लिहिणारा कोण आहे हे विचारायचे, आणि मग त्याने काय लिहिले आहे तेही तपासायचे, हे दोन्ही त्यांनी केले. आपण बहुधा यांतले एकच करतो.

वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पैसा शासनाचा होता आणि लेखक संपादक मंडळाने नेमलेले होते. आपल्यापैकी कोणी उठून त्यात एक ओळ घालावी अशी सोय त्या रचनेत नव्हती. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ पासून मराठीतही त्याचे काम सुरू झाले, तेव्हा इतिहासात प्रथमच असे घडले की कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे लिहिलेले सुधारावे. ज्यांच्याबद्दल नेहमी दुसऱ्यांनीच लिहिले त्या आपल्यासारख्यांना ही फार मोठी गोष्ट होती.

परंतु कायद्याने खुले होणे आणि व्यवहारात खुले होणे यांतले अंतर आपल्याला महाडने शिकवले आहे. बोले ठराव १९२३ चा. चवदार तळ्यावर पाणी पिण्यासाठी १९२७ चा मार्च उजाडावा लागला. ज्ञानकोशाचे दार सर्वांना उघडे झाले तेव्हा आत प्रथम कोण शिरले? ज्यांच्याकडे फुरसत होती, यंत्र होते, इंग्रजी होते ते. आणि त्यांच्या पाठोपाठ, ज्यांच्याकडे पैसा होता ते.

हा इतिहास नोंदलेला आहे. ऑगस्ट २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या अमेरिकन तरुणाने एक साधन तयार केले. नाव न देता केलेले बदल कोणत्या संस्थेच्या संगणकावरून झाले हे त्यातून दिसू लागले, आणि अनेक कंपन्यांच्या व सरकारी खात्यांच्या कचेऱ्यांतून त्यांच्याच लेखांतला अडचणीचा मजकूर गाळला गेल्याचे उघड झाले. पुढे हे काम कचेरीतल्या कारकुनांकडून धंदेवाईक लेखकांकडे गेले. तेव्हा जून २०१४ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानाने आपल्या वापराच्या अटींतच कलम घातले की, पैसे घेऊन लिहिणाऱ्याने कोणाकडून पैसे घेतले ते जाहीर केले पाहिजे. २०१५ च्या फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने ‘वायफायवन’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रचालकाला हद्दपार केले. भारतातल्या एका खासगी व्यवस्थापन-शिक्षण संस्थेविषयीच्या लेखांत पक्षपाती लेखन केल्याचा ठपका त्याच्यावर होता. त्याच वर्षी ऑगस्टअखेर ३८१ खाती एकदम बंद करण्यात आली. त्या टोळीची रीत ऐकण्यासारखी आहे. लहान धंदेवाल्यांचे जे लेख जाहिरातवजा म्हणून नाकारले गेले असतील ते हुडकायचे, त्या धंदेवाल्याला गाठायचे, आणि ‘पैसे द्या, तुमचा लेख लावून देतो’ म्हणायचे. लेख लागला की तो ‘राखण्या’साठी महिन्याकाठी पुन्हा पैसे. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझा भाचा आला. माझ्यासारखा मामा नसता तर तो याच जाळ्यात सापडणार होता. नियमाचा कडकपणा लहान माणसाविरुद्ध आहे असे मी समजत होतो. नियम सैल झाला असता तर लुबाडला लहान माणूसच गेला असता.

आता मुख्य प्रश्न. कंपनीवरचा लेख तटस्थ आहे की जाहिरात आहे, हे ओळखायचे कसे? मला या परीक्षेचे तीन थर दिसतात.

पहिला थर शब्दांचा. तो सगळ्यांत सोपा. ‘अग्रगण्य’, ‘नावीन्यपूर्ण’, ‘विश्वासार्ह’, ‘जागतिक दर्जाचे’ ही विशेषणे काढून टाकली तर मागे काय उरते ते पाहावे. माझ्या दीड पानातून ती काढल्यावर कंपनीचे नाव, गाव, स्थापनेचे वर्ष आणि ‘खाटा बनवते’ एवढेच उरले. विशेषण हे बहुधा वस्तुस्थितीच्या जागी बसवलेले असते. ‘मोठी कंपनी’ असे लिहिण्याऐवजी किती कामगार, किती उत्पादन, कोणत्या वर्षी, हे लिहिले की विशेषणाची गरजच राहत नाही.

दुसरा थर आधारांचा. ज्ञानकोशाचा नियम असा की, कंपनीविषयी कंपनीबाहेरच्या, स्वतंत्र आणि विश्वसनीय लेखकांनी सविस्तर लिहिलेले असले पाहिजे. नियम रास्त आहे. परंतु वर्तमानपत्रातली बातमी म्हणजे स्वतंत्र आधार, असे आपल्याकडे डोळे मिटून म्हणता येते काय? दोन हजारनंतरच्या दशकात भारतातल्या एका बड्या वृत्तपत्रसमूहाने कंपन्यांशी असे खासगी करार सुरू केले की, जाहिरातीच्या जागेच्या मोबदल्यात कंपनीचे भागच घ्यायचे. ज्या कंपनीत वर्तमानपत्राची भागीदारी तिची बातमी तेच वर्तमानपत्र देणार. २०१० मध्ये रोखे बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’ने अशी भागीदारी वाचकांना उघड करावी असा दंडक घातला. त्याच वर्षी पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा प्रश्न भारतीय वृत्तपत्र परिषदेपुढे होता, आणि तिच्या उपसमितीने त्या व्यवहाराचे सविस्तर वर्णन केले. म्हणजे ‘केसरी’ने ज्याला पैसे घेऊनही जागा नाकारली त्याचा काळ गेला आणि पैसे घेऊन जाहिरातीलाच बातमीचे कपडे चढवण्याचा काळ आला. अशा बातमीच्या तळटिपा लावलेला लेख वरून तटस्थ दिसतो. त्यात एकही विशेषण नसते. तरीही तो जाहिरातच असतो.

तिसरा थर मौनाचा. हा सर्वांत अवघड, आणि आपला सर्वांत जवळचा. तो सांगण्यासाठी मला माझ्या वडिलांच्या गिरणीत जावे लागेल.

माझे वडील १९४० च्या सुमारास सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात लागले. सूत कातण्याचे ते खाते. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार जास्त. वडील सांगत, “साच्यावर आपल्या माणसाला घेत नसत.” कारण धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? एका लाकडी धोट्यावर मुंबईच्या गिरण्यांतली पगाराची पायरी ठरली होती.

त्या गिरणीवर आज आंतरजालावर लेख आहे. संस्थापकाचे चरित्र आहे, यंत्रे विलायतेतून कधी आली ते आहे, चात्या किती आणि साचे किती ते आहे. एकही विशेषण नाही. साच्यांची संख्या आहे. साच्यांवर कोणाला उभे राहू दिले नाही हे नाही. पहिल्या दोन्ही थरांच्या परीक्षेत हा लेख उत्तीर्ण होतो. मग तो तटस्थ आहे काय?

मी रागाने त्यात एक परिच्छेद घातला. गिरणीमालक जातिवादी होते, त्यांनी अस्पृश्यांना साचेखात्यात घेतले नाही, असे लिहिले. आधार म्हणून ‘वडिलांचे सांगणे’. परिच्छेद दुसऱ्याच दिवशी गेला. यावेळी मात्र मी भांडलो नाही. मी वाचनालयात गेलो. आणि तिथे मला जे सापडले त्याने माझी रागाची मांडणीही पुरती टिकली नाही.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. संपवाल्या पुढाऱ्यांपुढे बाबासाहेबांनी प्रश्न टाकला : अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत, साचेखात्यातही, काम करण्याचा हक्क ही तुमच्या मागण्यांत आहे काय? नसेल तर आमच्या माणसांनी या संपात का राहावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. आणि ती गिरणीमालकांपुढे गेली तेव्हा मालकांचे म्हणणे पडले की, हा अन्याय असेलच तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकांचे हे म्हणणे सोयीचे होते, कारण खात्यात कोणाला घ्यायचे हे ठरवणारा जॉबर मालकांनीच ठेवलेला होता. परंतु ते संपूर्ण खोटेही नव्हते. धोटा नाकारणारे हात मालकाचे नव्हते. शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या, आपल्याइतक्याच घामाने भिजलेल्या कामगाराचे होते. मालक, जॉबर, सवर्ण कामगार आणि कामगारपुढारी, या चौघांनी मिळून ती भिंत उभी ठेवली होती. ‘कंपनी जातिवादी होती’ असे एका वाक्यात लिहिले की यांतले तिघे सुटतात. माझा संतप्त परिच्छेद अन्यायाविषयी होता, पण त्याने अन्यायाचा इतिहास अर्धाच सांगितला होता.

१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी इतिहासकाराच्या कर्तव्याची चर्चा केली आहे. तिथे ते गटेचा आधार घेतात आणि शोध घेणाऱ्याची तुलना न्यायालयातल्या पंचाशी करतात. वादी आपल्या जातीचा आहे म्हणून पंच पुरावा सोडून देत नाही. प्रतिवादी वजनदार आहे म्हणून पुरावा दडपतही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तटस्थतेचा आपल्या परंपरेतला अर्थ हा आहे. दोन्ही बाजूंना सारखेच अंतर राखून मधोमध उभे राहणे म्हणजे तटस्थता नव्हे. तसे असते तर चवदार तळ्याच्या काठी तटस्थ माणसाने अर्धी ओंजळ पाणी प्यायला हवे होते.

आता भाषेविषयी. इंग्रजी ज्ञानकोशातल्या नियमांत भडक शब्दांच्या याद्या आहेत, त्या उपयोगी आहेत. परंतु मराठीचे मौन विशेषणांत नाही, क्रियापदांत लपते. मुंबईतल्या पहिल्या सुताच्या गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी चालू झाली. हे लिहिताना आपण सहज ‘दावर यांनी गिरणी उभारली’ असे लिहितो, आणि वीट वाहणाऱ्याचा हात एका क्रियापदात नाहीसा होतो. ‘कामगारांना रविवारची सुट्टी देण्यात आली’ असे कितीतरी ठिकाणी वाचायला मिळते. कोणी दिली, का दिली? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० मध्ये मालकसंघाने ती मान्य केली. ‘देण्यात आली’ या दोन शब्दांनी सहा वर्षांची चळवळ दानधर्मात जमा होते.

आणि सर्वांत मोठे वाक्य : ‘गिरणी बंद पडली.’ १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. माझा थोरला भाऊ त्यात बदली कामगार होता. त्यानंतर गिरण्यांचे काय झाले? मालकाच्या बाजूचा लिहितो, ‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या.’ कामगाराच्या बाजूचा लिहितो, ‘मालकांनी गिरण्या बंद पाडल्या.’ पडली आणि पाडली : एका कान्याचा फरक, पण त्या कान्याच्या अलीकडे आणि पलीकडे अडीच लाख संसार उभे आहेत. पहिल्या क्रियापदाला कर्ताच नाही. आंबा पडावा तशी गिरणी पडली. दुसऱ्या क्रियापदात कर्ता आहे, पण त्याच्या हेतूचा निकालही आधीच लावलेला आहे. ज्ञानकोशाने काय लिहावे? मला वाटते, दोन्ही क्रियापदे बाजूला ठेवून हकिकत लिहावी. त्या विशिष्ट गिरणीतला शेवटचा पाळा कोणत्या तारखेला झाला, बंदीचा अर्ज कोणी केला, परवानगी कोणी दिली, पटावर किती कामगार होते, त्यांची देणी कधी आणि किती मिळाली. मग जमीन : १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते, एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरबांधणीला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली आणि शहराचा वाटा आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ‘जागेचा विकास करण्यात आला’ या वाक्याऐवजी हे सर्व लिहिले तर वाचक ‘पडली’ की ‘पाडली’ हे स्वतः ठरवील. त्याला ठरवता येईल इतका पुरावा त्याच्यापुढे ठेवणे, ही माझ्या मते तटस्थतेची कसोटी आहे.

इथे कोणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे, पण पुरावा आणायचा कुठून? ज्यांच्याकडे छापखाने होते त्यांचेच आधार उपलब्ध आहेत. हा आक्षेप खरा आहे, आणि माझ्या संतापातला खरा अंश तो हाच. ‘आधार दाखवा’ हा नियम सर्वांना सारखाच लागू होतो, परंतु आधार निर्माण करण्याची साधने सर्वांकडे सारखी नव्हती. कंपनीकडे वार्षिक अहवाल असतो, स्मरणिका असते, प्रसिद्धी अधिकारी असतो. माझ्या वडिलांकडे फक्त सांगणे होते. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी तेही गेले. २०१२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत नव्वद टक्क्यांहून अधिक संचालक उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतले, आणि अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेतीन टक्क्यांच्या आसपास, असे त्यात आढळले. हा अभ्यास कोणी केला नसता तर ही गोष्ट खोटी ठरली नसती, पण ज्ञानकोशात लिहिता आली नसती. आणि अभ्यास झाला म्हणून प्रत्येक कंपनीच्या लेखात प्रत्येक संचालकाच्या नावापुढे जात लिहावी असेही होत नाही. तो आधार एकंदर कंपनीजगताविषयी बोलतो, अमुक एका माणसाविषयी नाही. आधार जेवढे सांगतो तेवढेच लिहिणे, ही शिस्त आपल्यालाही पाळावी लागेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कंपनीला अप्रिय असलेली नोंद टिकवणे सोपे नाही. २०२४ मध्ये ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेने आपल्यावरील लेखातल्या मजकुरासाठी विकिमीडिया प्रतिष्ठानावर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. त्या खटल्याविषयीचे पानसुद्धा त्या ऑक्टोबरात न्यायालयाच्या आदेशावरून उतरवावे लागले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वाद कोणाच्या बाजूने सुटावा याविषयी मी इथे बोलत नाही. मला एवढेच दिसते की, नोंदीच्या मागे पुरावा नसेल तर अशा वाऱ्यात ती एक दिवसही टिकणार नाही. संतापाने लिहिलेले वाक्य दुसऱ्या दिवशी जाते. आधाराने लिहिलेले वाक्य काढायला समोरच्याला न्यायालयात जावे लागते.

म्हणून माझी विनंती आपल्या लिहित्या मित्रांना अशी आहे की, आत्मकथने आपण पुष्कळ लिहिली, आणि ती लिहिणे आवश्यकच होते. आता गिरण्यांची, कारखान्यांची, साखर कारखान्यांच्या तोडकऱ्यांची, महापालिकेच्या सफाई खात्याची नोंद तारखांसह, आकड्यांसह लिहा. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती त्यांचे नाव, वय, खाते, हजेरीचे तिकीट यांसह छापून ठेवा. आपल्या नियतकालिकांचे जुने अंक वाचनालयांतून जपा. उद्या तेच आधार ठरणार आहेत. आणि आपल्या उद्योजकांविषयी लिहितानाही तीच फूटपट्टी लावा. आपल्या माणसाच्या कारखान्यात किमान वेतन मिळते काय, बायकांना पुरुषांइतकी हजेरी मिळते काय, हे आपणच विचारले नाही तर परक्यांच्या लेखातल्या मौनाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

गिरणीच्या लेखात मी पुन्हा गेलो. यावेळी तीन वाक्ये लिहिली. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना घेतले जात नसे. त्याचे कारण धोट्याचा विटाळ सांगितले जाई. १९२८ च्या संपात हा प्रश्न मागण्यांत आला आणि मालकांनी जबाबदारी नाकारली. ‘या गिरणीत’ असे लिहिण्याचा मोह झाला. तसा छापील आधार मला सापडला नव्हता, म्हणून ‘मुंबईच्या गिरण्यांत’ एवढेच लिहिले. वडिलांचे सांगणे त्यात आले नाही, याचे वाईट वाटते. पण ते या लेखात आले आहे. ती तीन वाक्ये अजून आहेत.

भाच्याच्या कंपनीचा लेख काही परत लागला नाही. बाहेरच्या कोणी तिच्याविषयी अजून लिहिलेले नाही. मी त्याला घरी बोलावून सगळे समजावले आणि कंपनीच्या स्वतःच्या पत्रकासाठी सात ओळी लिहून दिल्या : स्थापनेचे वर्ष, जागा, कामगारांची संख्या, वर्षाला किती खाटा, कोणत्या इस्पितळांना, रोजचे वेतन, आणि ही माहिती कंपनीने स्वतः दिलेली आहे अशी शेवटची ओळ.

त्याने कागद उलटून मागची बाजू पाहिली. “मामा, एवढंच?”

“एवढंच खरं आहे ना?”

तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग खिशातून पेन काढून त्याने वेतनाच्या ओळीतला आकडा खोडला, आणि त्याच्या जागी खरा, जरा कमी असलेला आकडा लिहिला.